पन्नास किलो

४ जुलै १९७१, रविवार

अठ्ठेचाळीस भरलं. पन्नास पाहिजे.

हंसराजनं दारातूनच सांगितलं. नत्थू हवालदार दर रविवारी आमच्या इंदोरा वस्तीतल्या पोरांना लाकडाच्या वखारीत नेतात आणि सरपण तोलायच्या काट्यावर एकेकाला उभं करतात. एका पारड्यात लोखंडी मापं, दुसऱ्यात माझा मुलगा. उंची बसते, छाती फुगवली की बसते, धावण्यात तर हा सगळ्यांच्या पुढे. वजन तेवढं दोन किलो कमी. फौजेची भरती सप्टेंबरात, कामठीला.

"माय, दोन किलो म्हणजे काई नाही. तू फक्त मले खाऊ घाल."

मी भाकर थापत होते. हो म्हटलं आणि थापतच राहिले. इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

अठरा वर्षांचा झाला. यंदा मॅट्रिक पास झाला. एकुलतं एक लेकरू.

५ जुलै

आज सहावीच्या वर्गाला निबंध घातला — सैन्यात जाण्याचे फायदे व तोटे. मुद्दाम नाही. पुस्तकात पुढचा विषय तोच होता! फायद्यांनी पोरांनी पानं भरली. तोट्यांत एकानं लिहिलं, 'घरी यायला उशीर होतो.' मला हसू आलं. मग वही मिटून बाजूला ठेवली आणि बराच वेळ दुसरी उघडता आली नाही.

बासष्ट साली यांना घरी यायला उशीर झाला होता. हे लडाखला होते. दोन महिने पत्र नाही, खबर नाही. हंसराज नऊ वर्षांचा. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की मी घरात जाऊन दार लावून घ्यायची. दार लावलं तर तार परत जाईल असं काहीतरी मनात असावं. तार आली, पण शेजारी. प्रयागबाईंकडे. त्यांचा रडण्याचा आवाज भिंतीतून आला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — माझ्याकडे नाही. नऊ वर्षं झाली, मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. आज इथं लिहिलं.

७ जुलै

फायदेही लिहिले पाहिजेत. नाहीतर मी खोटी.

एकोणसाठ साल. हे पहिल्या मोठ्या सुट्टीवर आले होते आणि आम्ही काटोलकडे माझ्या माहेरी निघालो होतो. मोटारस्टँडवर एक हॉटेल होतं. आमच्या लोकांसाठी तिथं कानतुटके कप बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेले असत. आपणच घ्यायचा, आपणच धुवायचा, चहा वरून ओतला जायचा. माझ्या वडिलांनी जन्मभर त्याच कोनाड्यातून घेतला. त्या दिवशी यांच्या अंगावर खाकी होती. हॉटेलवाला गल्ल्यावरून उठला. म्हणाला, या, आत बसा. आणि काचेचा पेला स्वतःच्या हातानं विसळून त्यानं यांच्यासमोर ठेवला. हंसराज यांच्या मांडीवर होता, सहा वर्षांचा. तो त्या पेल्याकडे बघत होता. मीसुद्धा.

आम्ही दीक्षा घेऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. आम्ही आतून बदललो होतो. हॉटेलवाला मात्र बदलला तो खाकी बघून.

हे मी कसं नाकारू?

८ जुलै

यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, "त्याचं त्यालेच ठरवू दे." बस. फौज सोडून चार वर्षं झाली. गिरणीच्या फाटकावर पहारा करतात, घरी येतात, जेवतात. लडाखबद्दल एक अक्षर बोललेले नाहीत. पण नागपूरच्या मे महिन्यात, शेजारीपाजारी ओल्या चादरी पांघरून झोपतात तेव्हा, या माणसाच्या पायात लोकरी मोजे असतात.

११ जुलै, रविवार

लिहू की नको?

आज हंसराजच्या दुधात पाणी घातलं.

गवळी म्हशीचं दूध देतो, चांगलं दाट. हंसराज पहाटे धावून येतो आणि उभ्या उभ्या मोठा पेलाभर पितो. हे आंघोळीला गेले होते. मी अर्धं दूध दुसऱ्या पातेल्यात काढलं आणि तितकंच पाणी ओतून उकळलं. साय आधीच काढून घेतली. हात अगदी शांत होते. जणू रोजचंच काम! पेला त्याच्या हातात दिला. आता ओळखेल. आता विचारेल.

त्यानं एका दमात संपवला, मनगटानं ओठ पुसले आणि म्हणाला, "मस्त."

माझ्या हातचं तो तपासत नाही. कधीच तपासलं नाही.

१२ जुलै

आजही.

१८ जुलै, रविवार

साडेसत्तेचाळीस. नत्थू हवालदार घरी आले. यांच्यापेक्षा मोठे, फौजेतून सुटून बरीच वर्षं झाली, आवाज अजून परेडचा. ओसरीवर बसून मला म्हणाले, "वहिनी, पोरगं वाढाच्या जागी घटून राहिलं. काहून? खाऊ घालता का निस्तेच शिकवता?"

सगळे हसले. हंसराजही. मी चहा टाकायला आत गेले.

आतून ऐकत होते. नत्थूजींचं नेहमीचं चालू झालं. खाणं सरकारचं, कपडा सरकारचा, दवापाणी सरकारचं, म्हातारपणी पेन्शन. आपल्या रेजिमेंटमध्ये भरती व्हायला आपले आजे-पणजे कसे झगडले, इंग्रजानं दार लावलं आणि बाबासाहेबांनी ते कसं उघडून घेतलं. आता दार उघडं आहे तर पोरांनी आत का जाऊ नये? एक वाक्य खोटं नव्हतं. सगळं खरं! म्हणूनच मला त्या माणसाची भीती वाटते. खोटं बोलणाऱ्याला मी परतवलं असतं.

२३ जुलै

काढून ठेवलेल्या दुधाचं काय करायचं? फेकवत नाही. विरजण लावते, दह्याची कढी करते आणि शाळेच्या डब्यात नेते. आज लतिकाबाईंनी चाखली. म्हणाल्या, "काय दाट कढी हो तुमची! आमच्या धरमपेठेत असं दूध मिळत नाही."

मुलाच्या तोंडचं काढून मी शाळेत वाटते आहे.

लतिकाबाईंना त्याच्या भरतीचं सांगितलं होतं. त्या चांगल्या आहेत, मनापासून बोलतात. म्हणाल्या की तुमच्यात जातातच ना फौजेत, आमच्या घरी आजवर कोणी गेलं नाही, आईच पाठवणार नाही. तुमच्यात जातातच — जणू आमच्या आयांची आतडी निराळी. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी भावाकडून बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला. तो मी दोन्ही हातांनी घेतला.

२५ जुलै, रविवार

हंसराजनं अर्ज वाचला. नीट, शेवटपर्यंत. मग घडी करून घड्याळाच्या मागे ठेवला. म्हणाला, "माय, बँकेत टेबलाच्या मागं बसलो तरी नाव विचारतील, आडनाव विचारतील, मंग चेहरा बदलतील. फौजेत नंबर विचारतात."

वजन सत्तेचाळीस.

६ ऑगस्ट

रेडिओवर पूर्वेकडच्या बातम्या. निर्वासितांचे लोंढे थांबत नाहीत. यांनी उठून रेडिओ बंद केला. हंसराजनं पुन्हा लावला. दोघं एकमेकांकडे न बघता दोनदा असं झालं. मी मधे बसून तांदूळ निवडत होते. तांदळात आज एकही खडा नव्हता, तरी निवडत होते.

१४ ऑगस्ट

मला वाटलं होतं, प्रयागबाई आपल्या बाजूच्या असतील. त्यांच्याइतकं कोणी गमावलं आहे? कपडे वाळत घालताना मी हळूच विषय काढला. त्यांनी पिळलेलं लुगडं दोरीवर झटकलं आणि सरळ म्हणाल्या की जाऊ दे त्याला. त्यांचा नवरा गेला, पण पेन्शन लागली, शिलाईची मशीन आली, पोरगी शिकली. कोणाच्या दारात उभं राहायची पाळी आली नाही. त्यांची बहीण गिरणीत मेलेल्या माणसाची विधवा आहे. तिला काय मिळालं ते त्यांनी पाहिलं आहे.

"माणूस तं कुठंबी मरते, वं. निदान नाव घेऊन तं मेला."

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे.

२९ ऑगस्ट, रविवार

पहाटे सहा मैल धावतो. चणे खातो, अंडी मागतो. दोन म्हटली की मी एक उकडते. बाजारात मिळाली नाहीत म्हणते. पोळीला तूप लावल्यासारखं करते. मला आता हे सगळं सहज येतं. बिनचूक येतं.

गालाची हाडं दिसायला लागली आहेत त्याची.

मनाशी म्हणते — दोनच आठवडे. एकदा का भरतीत नापास झाला की पुन्हा नीट वाढीन. साय, तूप, अंडी, सगळं. भरून काढीन.

१३ सप्टेंबर

उद्या कामठी. नत्थूजींचा सगळ्या पोरांना हुकूम — सकाळी डझनभर केळी, वर दोन लोटे पाणी, आणि काट्यावर चढेपर्यंत लघवीला जायचं नाही. त्यांच्या वेळेपासून हेच चालत आलं आहे म्हणे. फौजेच्या काट्यालाही हे माहीत असणार!

केळी मीच आणली. चौदा. चांगली पिकलेली. फळवाल्यानं विचारलं, घरी कार्यक्रम आहे का?

१४ सप्टेंबर

नापास.

चौदा केळी खाऊन साडेअठ्ठेचाळीस. चार तास उन्हात रांग. पुढच्या दोन पोरांना तर ओकारी झाली. हा तसाच उभा राहिला, पोट दाबून. साहेब म्हणाले, धावण्यात पहिला आणि वजनात असा? पुढच्या महिन्यात वीस तारखेला पुन्हा ये.

त्याच्याबरोबरची पाचपैकी चार पोरं घेतली गेली.

तो आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबला. रडायला नाही. हसू येत होतं! सुटले, सुटले, सुटले. चुलीपुढे बसून हसत होते.

मग बाहेर आले आणि त्याचे पाय दिसले. धुळीनं भरलेले, तसेच अंथरुणावर. हा मुलगा लहानपणापासून पाय धुतल्याशिवाय घरात येत नाही.

१६ सप्टेंबर

संध्याकाळी हे ओसरीवर चहा पीत होते. हंसराज घरात नव्हता. बशीत बघत मला म्हणाले, "चहा पातळ लागून राहिला. दोन महिन्यापासून."

मी जागेवरच गार झाले. विचारलं, मग बोलले काहून नाही?

"बोललो असतो तं तू बंद केलं असतं."

म्हणजे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रोज सकाळी शेजारी बसून त्याला तो पेला पिताना बघत होते. मी म्हटलं, तुम्ही बाप आहात, सरळ नाही म्हणायचं होतं त्याला. त्यावर जे बोलले ते इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले.

"नाही म्हटलं असतं तं त्यानं विचारलं असतं, काहून. अन् मंग मले सांगावं लागलं असतं."

चहा पूर्ण प्यायले. कप स्वतः विसळून ठेवला.

१८ सप्टेंबर

हंसराज यांना विचारत होता, धंतोलीतल्या एखाद्या डॉक्टरकडे नेता का? छातीचा फोटो काढायचा आहे. त्याला वाटतं क्षय असेल. इतकं खाऊन अंगी लागत नाही म्हणजे आत काहीतरी असणार. अगदी हळू आवाजात विचारत होता, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मला काळजी नको म्हणून!

हे माझ्याकडे बघत राहिले.

१९ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

तो जेवायला बसला होता. मी म्हटलं, तुला काही झालेलं नाही, तुझ्या दुधात मी जुलैपासून पाणी घालते. साय काढते. अंडी मिळत होती. एवढंच. कारण सांगितलं नाही. कारण काय सांगायचं?

तो ओरडला नाही. उरलेली भाकर संपवली, ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं. संध्याकाळी प्रयागबाईंकडे जाऊन जेवला.

२२ सप्टेंबर

चार दिवस तिकडेच जेवतो. झोपायला येतो. माझ्याशी बोलतो — साबण कुठे आहे, रॉकेल आणू का. जेवणाबद्दल काही नाही. भिंतीपलीकडे त्याच्या ताटात वाढल्याचा आवाज येतो. मी इकडे कान देऊन बसते. दुसरी भाकर घेतली की नाही?

दुपारी प्रयागबाई आल्या. मला वाटलं समजूत घालतील. उभ्यानंच बोलल्या.

"तुही भीती तुह्याजवळ ठेव, वं. त्याच्या ताटात नको टाकू."

२६ सप्टेंबर

आज वर्गात हजेरी घेताना तीन पोरांची नावं चुकले.

२९ सप्टेंबर, दसरा

सगळे दीक्षाभूमीला गेलो. हेही, हंसराजही. गावोगावची माणसं, डोक्यावर भाकरींची गाठोडी, कडेवर पोरं, अंगावर पांढरं. पंधरा वर्षांपूर्वी याच मैदानात मी हंसराजला कडेवर घेऊन उभी होते, तीन वर्षांचा होता. तेव्हा माझ्या मनात भीती नव्हती. त्या दिवशी तिथं कोणाच्याच मनात भीती नव्हती. मग ही केव्हा आली आणि माझ्या घरात ठाण मांडून बसली?

उन्हं चढली तेव्हा गवतावर बसलो. हे पाणी आणायला गेले. मी गाठोडं सोडलं पण भाकर पुढे करायचा धीर होईना. त्यानंच हात पुढे केला. घास घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की दोन महिने तो रोज सकाळी आरशापुढे उभा राहून बरगड्या मोजत होता. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटायचं. सगळ्यांच्या अंगी लागतं, आपल्याच का लागत नाही.

मला सोसवेना. मी काहीतरी बोलायला गेले. त्यानं थांबवलं.

"आता म्हण. जाऊ नको म्हण. तोंडानं म्हण, माय. मी नाही जाणार."

तो खरं बोलत होता. डोळ्यांत पाहिलं मी. एक शब्द म्हटला असता तर घड्याळामागचा अर्ज त्यानं उद्याच भरला असता. दोन महिने मी जे चोरून करत होते ते मला तो हातात देत होता.

तोंड उघडलं. माझ्या वडिलांचा हात दिसला, कोनाड्यातला कप काढताना वाकडा झालेला. आमच्या आजूबाजूला लाखभर माणसं ताठ बसून जेवत होती. जाऊ नको कसं म्हणू? आणि जा तरी कसं म्हणू?

मी म्हटलं, "अजून अर्धी भाकर घे."

त्यानं घेतली.

३ ऑक्टोबर, रविवार

एकोणपन्नास.

गवळ्याला आता दीड शेर सांगितलं आहे. सकाळी दूध त्याच्यासमोर तापवते. तो म्हणतो, नको माय, असं नको करू, माझा विश्वास आहे. तरी मी त्याच्यासमोरच तापवते.

१० ऑक्टोबर

पन्नास. रोज दोन अंडी. मटण दोनदा झालं.

जितका तो भरतो तितकी मी सुकते. आधी भीतीला काही काम होतं — साय काढ, पाणी घाल, खोटं बोल. आता तिला काम नाही. नुसती बसून असते.

१७ ऑक्टोबर

एक्कावन्न. नत्थूजी वखारीतून ओरडत आले, "वहिनी, काय जादू केली?" हे म्हणाले, गवळी बदलला. आणि माझ्याकडे पाहिलं. हसले? बहुतेक हसले.

२० ऑक्टोबर

पास. केळी न खाता.

२७ ऑक्टोबर

उद्या जाणार. सागरला, रेजिमेंटच्या केंद्रात. ट्रंक भरली. काय द्यावं? लोणचं नको म्हणतो, फौजेत हसतात. चिवडा नको. संत्री नको, लांबच्या प्रवासात दबतात. शेवटी सुई-दोरा दिला. तो घेतला.

दुपारी बाप-लेक ओसरीवर बसले होते. मी मुद्दाम गेले नाही. हे बोलत होते. हंसराज ऐकत होता. बराच वेळ. शब्द कळले नाहीत. बर्फ हा एकच शब्द कळला, तोही तीनदा.

२८ ऑक्टोबर

गेला. गाडी इटारशीकडे निघाली तेव्हा तो दारात उभा नव्हता, खिडकीत बसलेला होता. मी तेच बजावलं होतं. दारात उभा राहू नको, पडशील.

फौजेत जाणाऱ्याला मी सांगते, गाडीतून पडशील!

५ नोव्हेंबर

कार्ड आलं. पोचला, केस कापले, पहाटे चारला उठवतात, जेवण पोटभर आहे. पाच जणांत मिळून एक नळ, आणि पाणी सगळे एकाच लोट्यानं पितात. ही ओळ त्यानं मुद्दाम लिहिली असेल का? मी चारदा वाचली. यांनी वाचली आणि कार्ड खिशात घालून कामाला गेले.

७ नोव्हेंबर, रविवार

नत्थूजींनी आज माझ्यावर फार मोठे उपकार केले. सहज बोलून गेले की नव्या रंगरुटाला शिकवायलाच नऊ महिने लागतात. लढाई उद्या जुंपली तरी शिकत्या पोराला कोणी पुढे पाठवत नाही.

नऊ महिने! मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. नऊ महिने माझा मुलगा सागरला असणार — कवायत, धावणं, भाकर, झोप. तिकडे काय पेटायचं ते तोवर पेटून विझेल.

घरी येऊन मी चार महिन्यांनी पोटभर जेवले. यांनाही आग्रह करकरून वाढलं. हे म्हणाले, आज काय सण आहे? मी म्हटलं, हो, आहे.

आज भीती वाटत नाही. तारीख घालून लिहून ठेवते.

१२ नोव्हेंबर

शाळेतून आले तेव्हा हे ट्रंक पुसत होते. तार आली होती. मी दारातच बसले — हंसराज?

नाही. नाव यांचं. सत्तावन्न साली भरती होताना पंधरा वर्षांची सही केली होती. दहा नोकरीची, पाच राखीव. त्या पाचातलं एक वर्ष अजून उरलं आहे. मी विसरले होते. मधून मधून पंधरा दिवस कवायतीला जाऊन यायचे, तर मी म्हणायची, फिरून आले. सरकार विसरलं नाही. राखीव माणसं परत बोलावली आहेत. तीन दिवसांत सागरला हजर व्हायचं. तिथून पुढे कुठे, ते तारेत नाही.

विचारलं, हंसराजला पत्र टाकू?

"काहून? मीच भेटतो ना त्याले."

सागरच्या फलाटावर पोरगा उभा राहील. गाडीत बाप असेल.